शेपटीवाल्या डागाची चौकशी

माझ्या सासूबाईंना कुणी विचारलं, सून काय करते, तर त्या सांगायच्या, "कंपनीत वस्तूंवर बॅटरी मारते." मला सुरुवातीला राग यायचा. पुढे तीस माणसांसमोर सूट घालून माझ्या कामाविषयी भाषण द्यायची वेळ आली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की सासूबाईंनी फार काही सोडलेलं नाही.

भोसरीच्या एमआयडीसीत एका खासगी चाचणी प्रयोगशाळेत मी रामन यंत्रावर नोकरी केली. हे यंत्र वस्तूवर लेसरचा बारीक किरण टाकतं. परत येणारा बहुतेक प्रकाश जसा गेला तसाच परत येतो. पण त्यातला अगदी नगण्य भाग त्या वस्तूच्या रेणूंशी झटापट करून येतो आणि येताना त्याचा रंग किंचित बदललेला असतो. हा बदल कागदावर काढला की डोंगररांगेसारखी शिखरं दिसतात. प्रत्येक पदार्थाची रांग वेगळी. साखरेची शिखरं मिठाला येत नाहीत, नायलॉनची रेशमाला येत नाहीत. बस, एवढंच आहे. बाकीचं सगळं अवघड शब्दांत सांगितलं की पगार वाढतो.

एवढं नाजूक यंत्र बसवायला आमच्या मालकांनी जागा निवडली ती एका फोर्जिंग कारखान्याला चिकटून. पलीकडे लोखंडावर घण पडला की इकडे माझी शिखरं शहारायची. शेवटी मी त्या कारखान्याच्या फोरमनशी संधान बांधलं. त्यांची चहाची सुट्टी झाली की तो मला मिस्ड कॉल द्यायचा आणि मी धावत जाऊन मोजमाप घ्यायची. जगात इतरत्र शास्त्रज्ञ निवांतपणे काम करत असतील, मी मात्र दुसऱ्यांच्या कटिंग चहावर विज्ञान केलं. त्या कारखान्यात संप झाला तेव्हा कामगारांबद्दल मला मनापासून वाईट वाटलं आणि माझं सगळ्यात सुरेख काम त्याच काळात झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

गिऱ्हाईकं तर अशी की विचारू नका. हिंजवडीचा एक तरुण प्रोटीन पावडर घेऊन आला. त्यात बरीचशी साखर निघाली. त्याने शांतपणे विचारलं, "मॅडम, सेकंड ओपिनियन कुठे मिळेल?" एका वरपित्याने मुलीकडून आलेल्या अंगठीतला खडा तपासायला आणला. काच निघाली. मग हळूच म्हणाला, "हे जरा पुष्कराजच्या जवळपास लिहिता येईल का?" मी म्हटलं, जवळपास म्हणजे चिंचवडात लिहू की निगडीत? ते गृहस्थ परत आले नाहीत.

पण आज सांगायची आहे ती गोष्ट चाकणच्या फिल्मची.

सेंद्रिय अर्धवाहक म्हटलं की लोकांना शेणखत आठवतं, म्हणून आधी खुलासा करते. मोबाइलपासून मोटारीपर्यंत सगळीकडे जे अर्धवाहक असतात ते बहुतेक सिलिकॉनचे, म्हणजे कडक आणि ठिसूळ. सेंद्रिय अर्धवाहक कार्बनच्या लांब साखळ्यांचे असतात. ते शाईसारखे विरघळवून काचेवर किंवा प्लास्टिकवर पसरता येतात. काच यंत्रावर गरगर फिरवायची, वर थेंब सोडायचा, की तो पसरून केसाहून कितीतरी पातळ, जांभळट थर तयार होतो. त्यावर ऊन पडलं की वीज निर्माण होते. मोटारीच्या डॅशबोर्डला बाहेर किती उजेड आहे ते कळावं म्हणून अशा फिल्मचे तुकडे बसवतात. एवढ्या पातळ थरात धुळीचा एक कण पडला, तर फिरत्या काचेवर त्याच्या मागे धूमकेतूसारखी शेपटी उमटते. तेवढा तुकडा वाया जातो.

चाकणला बाळासाहेबांनी असाच कारखाना टाकला होता. मूळचे तिथल्याच गावचे. वडिलोपार्जित जमिनीतली थोडी विकली, थोड्या भागावर शेड उभी केली. आधी नटबोल्ट करायचे, मग कुणीतरी डोक्यात भरवलं की पुढचा काळ फिल्मचा आहे. माणूस हौशी आणि कामाचा, पण बोलण्यात घण. शेजारच्या फोर्जिंगवाल्यांना लाजवेल असा.

एका सकाळी ते आमच्याकडे आले. सोबत त्यांची प्रोसेस इंजिनीअर शाहीन. दापोडीची मुलगी, वडिलांचं तिथे गॅरेज. बारीक चणीची, डोळे खाली, हातात नमुन्यांचा डबा. डबा तिने टेबलावर असा ठेवला की त्यात अंडी असावीत.

"मॅडम, आमच्या फिल्मवर शेपट्या यायला लागल्यात," बाळासाहेब म्हणाले. "दसऱ्यानंतर चालू झालं. गाडीवाल्या कंपनीची पाहणी तोंडावर आलीय. ह्या बाईंनी परस्पर रेसिपी बदलली. पावडर विरघळवायला नवीन सॉल्व्हंट आणला. ती नीट विरघळत नसणार, तेच कण वर येतात."

"सर, विरघळते," शाहीन म्हणाली.

"मग कण कशाचा हाय, माझ्या डोक्यावरचा?" बाळासाहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही फक्त सांगा, कण आमच्याच पावडरीचा आहे की नाही. असला, तर यांना मी दिवाळीच्या शुभेच्छा देऊन घरी पाठवतो."

हे सगळं तिच्यासमोर. तिने डब्याची कडी पुन्हा एकदा लावली, जी आधीच लागलेली होती. मला बाळासाहेबांचा राग आला आणि त्याच वेळी बरंही वाटलं, कारण असा सरळ प्रश्न माझ्या यंत्राला क्वचित मिळतो. कणावर किरण टाकायचा, शेजारच्या स्वच्छ फिल्मवर टाकायचा, आणि दोन्ही रांगा जुळतात का ते बघायचं. जुळल्या तर मुलगी गेली.

जाताना शाहीन मागे रेंगाळली. म्हणाली, "मॅडम, डब्यातल्या कडेच्या काचा आधी बघा. तिथले कण मोठे आहेत." मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

फोरमनचा मिस्ड कॉल आला, घण थांबला, मी हिरवा लेसर लावला. कणावर किरण टाकला आणि कागदावर शिखरं येण्याऐवजी एक अगडबंब टेकाड आलं. काही पदार्थांना लेसर लागला की ते स्वतःच उजळून निघतात आणि त्या उजेडात बाकीचं सगळं बुडून जातं. आमच्या धंद्यात याला वैतागण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही.

माझा पहिला संशय आमच्याच लोकांवर. आमच्या प्रयोगशाळेत माणसं बटाट्याची भाजी हाताने खातात आणि मग त्याच हाताने नमुने उचलतात, हे मी जाणून होते; बोटांच्या तेलानेही असं टेकाड उठतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीबाहेर मी साबण घेऊन उभी राहिले आणि प्रत्येकाची बोटं तपासली. आमच्या मालकांचीही. त्यांची सर्वांत पिवळी निघाली. तेव्हापासून तिथे माझं नाव शाळेच्या बाई असं पडलं ते कायमचं. पण बोटं धुतली तरी टेकाड हटेना.

मग मी दुसरा लेसर लावला, डोळ्यांना जेमतेम दिसतो असा खोल लाल. तो असल्या उजळणाऱ्या पदार्थांना फारसा डिवचत नाही. टेकाड खाली बसलं आणि त्यातून दोन शिखरं वर आली, शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखी. शेजारच्या फिल्मची रांग पूर्ण वेगळी. कण त्यांच्या पावडरीचा नव्हता!

मी आनंदाने बाळासाहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे नव्या सॉल्व्हंटमधला कचरा. आणला कुणी? यांनीच."

माझ्या आनंदावर पाणी पडलं. कण कशाचा नाही हे सांगून उपयोग नव्हता, कशाचा आहे हे सांगायला हवं होतं. मी सॉल्व्हंट मागवून तपासला, तो स्वच्छ होता. बाळासाहेब म्हणाले, मग बाटलीचं झाकण असेल. झाकण तपासलं. मग हातमोजे, मग टिश्यूपेपर. माणसाला एकदा गुन्हेगार सापडला की तो पुराव्यासाठी थांबत नाही. दरम्यान नवे नमुने येत होते आणि प्रत्येक खेपेला शेपट्या वाढत होत्या. आमच्या संगणकातल्या यादीत हजारो पदार्थांच्या रांगा होत्या, रंग, औषधं, प्लास्टिक. पण ती यादी आमच्या मालकांनी घेतलेली सर्वांत स्वस्त आवृत्ती होती. ती माझ्या जुळ्यांना ओळखेना.

शेवटी मी म्हटलं, जागा बघितल्याशिवाय चालायचं नाही. शाहीनला फोन केला. ती पटकन म्हणाली, "मॅडम, शुक्रवारी या. सकाळीच या."

शुक्रवारी चाकणच्या चौकात अर्धं आयुष्य घालवून मी कारखान्यात पोचले. फिल्मची खोली खरोखर छान ठेवलेली होती. आत जायचं तर चप्पल काढायची, हात धुवायचे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवायचा, टोपी, मास्क. मग एका कपाटवजा खोलीत उभं राहायचं, तिथे चारी बाजूंनी वारा अंगावर येतो आणि उरलीसुरली धूळ झाडून काढतो. मी आत गेले, काच फिरवणारं यंत्र बघितलं, कोपरे बघितले, गाळण्या बघितल्या. कुठे बोट ठेवायला जागा नाही इतकं स्वच्छ. शाहीन माझ्या बाजूला उभी होती आणि दाराकडे बघत होती.

दार उघडलं. वाऱ्याच्या खोलीतून एक ठेंगणी आकृती बाहेर आली. पांढरा सूट, टोपी, मास्क, सगळं नियमाप्रमाणे. सूट पायापाशी फुगलेला, कारण आत नऊवारी लुगडं होतं. आणि हातात रुमालाने झाकलेलं पूजेचं ताट.

"ह्या आक्का," शाहीन हळूच म्हणाली. "सरांच्या आई."

आक्का यंत्रापाशी गेल्या. मास्कमधूनच काहीतरी पुटपुटल्या. मग अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट ताटात बुडवून त्यांनी यंत्राच्या झाकणाला हळद लावली, कुंकू लावलं, वर चिमूटभर हळद उधळली. मग काचांच्या डब्याला. मग ओव्हनला. चारही ऑपरेटर हात जोडून उभे. झाकणाच्या बरोबर वर हवेची गाळणी होती, तिचा वारा सरळ खाली. ती पिवळी चिमूट वाऱ्यावर स्वार होऊन झाकणाच्या फटीतून आत गेलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बाहेर आल्यावर मी आक्कांना नमस्कार केला. त्यांनी मला हळद-कुंकू लावलं.

"तुमी मशीन बघाया आलाव व्हय? बगा बाई काय झालंय त्याला," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला पयल्यांदा आत जाऊन पूजा केली म्या. तवापासून काम बिघडलंय. म्हनून आता मंगळवारी बी करते अन् शुक्रवारी बी. कायतरी कमी पडतंय आमचं."

फिल्म बिघडली म्हणून पूजा वाढली, आणि पूजा वाढली म्हणून फिल्म आणखी बिघडली. कारखान्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी सूटपासून गाळणीपर्यंत सगळ्याला नियम लावले होते. ताटाला नियम लावायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण ताट आक्कांच्या हातात होतं.

"आक्का, थोडी हळद पुडीत द्याल का? घरी नेते," मी म्हटलं.

त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी भली मोठी पुडी बांधून दिली. मला जरा लाजल्यासारखं झालं. पुडी घरी न जाता भोसरीला गेली. चहाच्या सुट्टीत हळदीचा कण काचेवर ठेवला, लाल लेसर टाकला, आणि माझे जुळे भाऊ पडद्यावर येऊन उभे राहिले. मी खुर्चीत बसून मोठ्याने हसले. पलीकडे घण सुरू झाला तरी हसत होते.

पुढचं काम सोपं असेल असं मला वाटलं होतं.

बाळासाहेबांच्या केबिनमध्ये मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून दाखवले. शाहीन भिंतीशी उभी होती. बाळासाहेबांनी कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. फिल्मच्या काळजीने नव्हे. आईला सांगायचं कुणी, या काळजीने.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "रिपोर्टात नुसतं 'धूळ' लिहा ना."

"धूळ लिहिली तर दोष सफाईचा. सफाई कुणाकडे?"

त्यांनी शाहीनकडे बघितलं. मग म्हणाले, "'वनस्पतिजन्य पदार्थ' लिहा."

"हळद लिहीन," मी म्हटलं. पुष्कराजवाल्यांनाही मी दाद दिली नव्हती.

"बरं, मग तुम्हीच सांगा आईला. तुम्ही बाहेरच्या. आम्हाला घरात राहायचंय."

एवढ्या मोठ्या कारखान्याचा मालक, शंभर माणसांवर डाफरणारा, आईला बोलवायला स्वतः गेला आणि येताना तिच्या मागे दोन पावलं राहिला. आक्का खुर्चीवर बसल्या. मी त्यांना जमेल तसं सांगितलं. फिल्म किती पातळ असते, हळदीचा कण तिच्यावर केवढा मोठा पडतो, शेपटी कशी उमटते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हंजी माझ्या हळदीनं?" त्या शेवटी म्हणाल्या.

"हो, आक्का."

"मग नुसती उदबत्ती लावली तर?"

"धूर जातो आत."

"कापूर?"

"तो त्याहून वाईट."

"फुलं?"

"परागकण," मी म्हटलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

"मग देवाला तिथं द्यायचं तरी काय?" आक्का म्हणाल्या. रागाने नव्हे, खरोखर कळेना म्हणून. बाळासाहेब एसीचा रिमोट न्याहाळत होते.

मग आक्कांनी मान वळवली. "शाहीन, तू रोज पुसतीस ते मशीन. तुला दिसली न्हाई हळद?"

शाहीनने मान वर केली. मग म्हणाली, "दिसली होती, आक्का. पहिल्याच आठवड्यात."

मला कडेच्या काचा आठवल्या. शुक्रवारी या, सकाळीच या. या मुलीने मला हाताला धरून हळदीपर्यंत नेलं होतं आणि मी इतके दिवस स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

"मग बोलली का न्हाईस?" आक्का म्हणाल्या. "ह्यो तुला काढाया निघालता. माझ्या कानावर आलंय. नोकरी जाईस्तवर गप बसनार व्हतीस व्हय?"

"एकदा मी म्हटलं होतं, पूजा बाहेरच्या खोलीत करू या का," शाहीन म्हणाली. "तेव्हा एकाने विचारलं, तुम्हाला पूजेचा काय प्रॉब्लेम आहे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आक्का, माझ्या तोंडून हळद निघाली असती, तर ती गोष्ट हळदीची राहिलीच नसती. यंत्राने सांगितलं तर सांगू दे म्हटलं. यंत्राला कुणी काही विचारत नाही."

आयुष्यभर मी अभिमानाने सांगत आले की माझं यंत्र माणूस बघत नाही, फक्त रेणू बघतं. त्या निर्जीव गुणाची एखाद्या मुलीला इतकी गरज पडत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आक्का उठल्या. आधी मुलापाशी गेल्या. "कोन म्हनालं ते तसं?"

बाळासाहेबांचे कान लाल झाले होते. आक्कांना तेवढं उत्तर पुरलं.

"तूच का?" त्या म्हणाल्या. "अरं, माझी हळद मला सांगाया हिला भोसरीवरनं मशीन आनावं लागलं. एवढं भ्या घातलंस पोरीला? ते आदी पूस, मग फिल्म पूस."

मग त्या शाहीनसमोर येऊन उभ्या राहिल्या. तिच्या खांद्याएवढ्या होत्या त्या. तिचा हात धरून म्हणाल्या, "पूजा म्या भायेरच्या फाटकावर करीन, त्यात काय मोठं? देवाला काय फाटक दिसत न्हाई? पन पोरी, फुडं काय बी दिसलं, हळद असू दे, कुंकू असू दे, न्हाईतर माझा ह्यो ल्योक असू दे, तर सरळ माझ्यापाशी यायचं. मशीनपाशी न्हाई."

शाहीनने मान हलवली आणि मग ती रडली, तोंडावर हात धरून, आवाज न करता. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बाळासाहेब खाली बघत म्हणाले, "सॉरी, शाहीन," आणि मला म्हणाले, "रिपोर्टात हळदच लिहा, मॅडम."

गाडीवाल्यांची पाहणी नीट पार पडली. शाहीन आता त्या विभागाची प्रमुख आहे.

त्या कारखान्यातून आमच्याकडे नमुने येणं मात्र हळूहळू बंद झालं. आमच्या मालकांना ते फार लागलं. एवढं चांगलं गिऱ्हाईक तुटलं कसं, तुम्ही काही बोललात का त्यांना, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी नाही हो, ते आता एकमेकांशी बोलतात.